पान पिवळं पडलं की आधी कुंडी बघा, मग खत

लातूरला आमच्या घरी पूर्वेच्या खिडकीत मनी प्लांटची तीन भांडी आहेत. तिन्ही एकाच वेलाची पिल्लं. एक शेतातून आणलेल्या काळ्या मातीत, एक कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, आणि एक सरबताच्या रिकाम्या बाटलीत, नुसत्या पाण्यावर. एका मार्चमध्ये तिन्हींची पानं एकदम फिकट पडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उपाशी ठेवतीस होय गं त्यांना? टाक की खत." मी तिन्हींना १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत पाजलं. महिन्याभरात बाटलीतला वेल हिरवागार झाला. कोकोपीटवाल्यावर काडीचाही फरक पडला नाही. मातीतल्याची तर उरलेली पानंही गळाली.

वेल एक, खिडकी एक, खत एक आणि निकाल तीन. कारण पिवळेपणा वरून सारखा दिसत असला तरी तिन्ही भांड्यांत आजार वेगळे होते. घरात नवीनच झाडं लावायला लागलेल्यांनी हा आजार कसा ओळखायचा, ते मी करते त्या क्रमाने सांगते. आपल्याकडची बोअरची पाणी, आपली माती आणि आपला उन्हाळा गृहीत धरून.

सुरुवातीला तीन दिवस काही टाकू नका

खत नाही, चहाचा चोथा नाही, कांद्याच्या सालीचं पाणी नाही, ताक तर नाहीच. पानांचा फोटो काढून ठेवा. तीन दिवसांनी पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. पिवळेपणा पुढे सरकतोय की तिथंच आहे, हे डोळ्याला रोज बघून कळत नाही.

एवढ्यात काही शंका मिटतातही. वेलाच्या बुडाचं एखादं पान पिवळं होऊन गळणं हे म्हातारपण आहे, आजार नाही. मनी प्लांटचं, सिंगोनियमचं कोवळं पान पोपटी निघतं आणि आठ-पंधरा दिवसांत गडद होतं, त्याचीही चिंता नको. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून थेट पश्चिमेच्या खिडकीत आणलेलं झाड उन्हाने विटतं. खिडकीकडच्या बाजूची पानं पांढुरकी आणि आतल्या बाजूची ठीक असतील, तर झाड दोन हात मागे घ्या. तिथंच प्रश्न संपला.

मग पान उलटं करा

मार्च ते मे आपल्याकडे हवा कोरडी ठक्क असते. त्या दिवसांत घरातल्या झाडांवर लाल कोळी ही बारीक कीड पडते. पानावर बारीक फिकट ठिपके येतात आणि लांबून बघितलं तर अख्खं पान पिवळसर दिसतं. नवखा माणूस याला हमखास खताची कमतरता समजतो. पानाखाली पांढरा कागद धरा, पानावर टिचकी मारा. कागदावरचे कण चालायला लागले, बोटाने पुसल्यावर तांबडट रेघ उठली, तर कोळी आहे. झाड मोरीत नेऊन पानाच्या खालच्या बाजूने पाण्याची धार मारायची, चार-पाच दिवसांच्या अंतराने तीनदा. पुढचं काही वाचायची गरज नाही.

जुनं पान की नवीन?

निदानाचा अर्धा भाग या एका प्रश्नात आहे. दुष्काळात कडबा कमी पडला की आपण तो दुभत्या जनावराला आधी घालतो. झाडही तसंच करतं. नत्र (नायट्रोजन) आणि मॅग्नेशियम झाडाला जुन्या पानातून काढून नव्या पानाकडे पाठवता येतं. म्हणून ते कमी पडले की आधी खालची, जुनी पानं फिकट होतात. लोह मात्र एकदा ज्या पानात गेलं तिथंच बसतं, हलवता येत नाही. म्हणून लोह कमी पडलं की शेंड्याची नवी पानं पिवळी निघतात आणि खालची हिरवीच राहतात.

यानंतर शिरा बघा, पान उजेडाकडे धरून. जुनं पान शिरांसकट सगळंच्या सगळं फिकट असेल तर नत्र. जुन्या पानाच्या कडेकडून आणि शिरांच्या मधल्या भागात पिवळं असेल, शिरा हिरव्या असतील तर मॅग्नेशियम. नव्या पानावर हिरव्या शिरांची जाळी आणि मधे पिवळं असेल तर लोह. हे लोहाचं चित्र मराठवाड्यात कुणाला नव्याने दाखवावं लागत नाही. जुलैत झड लागली की चुनखडीच्या रानातलं सोयाबीन असंच पिवळं पडतं, आणि उसात यालाच केवडा पडला म्हणतात.

जुनी-नवी सगळीच पानं एकदम मलूल आणि पिवळी असतील तर मात्र खताचा विचार सोडून द्या. ते मुळांचं दुखणं आहे.

कुंडी उचला, बोट घाला

सोयाबीनचंच उदाहरण पुढे नेते. त्या रानात लोह नसतं असं नाही, भरपूर असतं. पण माती चिंब झाली की मुळांना हवा मिळत नाही, चुन्यामुळे मातीतल्या ओलाव्यात बायकार्बोनेट वाढतं आणि असलेलं लोह मुळांना उचलता येत नाही. पाऊस उघडला, वाफसा आला, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही राहिली, की तेच पीक बऱ्याचदा आपोआप हिरवं होतं. कुंडीलाही वाफसा लागतो, आणि घरातल्या कुंडीला वारा-ऊन नसल्यामुळे तो येता येत नाही. शेतकऱ्याच्या घरातली माणसंसुद्धा कुंडीपुढे आली की हे विसरतात आणि रोज सकाळी तांब्याभर ओततात.

पाणी घालण्याआधी कुंडी हाताने उचलून वजन लक्षात ठेवा, घातल्यावर पुन्हा उचला. चार दिवसांत तो अंदाज हातात बसतो. बोट दोन पेरं आत घाला. वर कोरडं आणि आत चिखल असेल तर पाणी बंद. शंका असेल तर झाड कुंडीतून बाहेर काढून मुळं बघायला घाबरू नका, दोन मिनिटांत परत बसवता येतं. पांढरी किंवा पिवळसर, टणक मुळं चांगली. तपकिरी, बोटात धरली की साल निघून आत दोरा राहणारी, कुजका वास येणारी मुळं कापून टाकायची. मुळं कुजलेल्या झाडाला खत घालणं म्हणजे जुलाब लागलेल्या माणसाला पुरणपोळी. माझ्या मातीतल्या मनी प्लांटला मी हेच केलं होतं.

पाणी कुठलं घालता?

याच्यावर जरा थांबते, कारण आपल्याकडे निम्मी पिवळी पानं इथून येतात. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही म्हटल्यावर झाडांच्या वाट्याला काय येणार? बोअर, टँकर किंवा घरातलं उरलंसुरलं.

बोअरचं पाणी आपल्या काळ्या पाषाणातून येतं आणि बहुतेक ठिकाणी जड असतं. गिझरच्या कॉइलवर, पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला जो पांढरा थर चढतो, तोच कुंडीतही चढत असतो, फक्त सावकाश. त्याने कुंडीचा सामू (पीएच) वर जातो, आणि सामू ७ च्या वर जसजसा जातो तसतसं लोह झाडाच्या हाताबाहेर जातं. कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरी पावडर दिसत असेल तर संशय पक्का धरा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर लावा, पण त्याच्या आकड्याने हुरळू नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. माणसाला चालवून घेतलेलं पाणी पावशेर मातीत वर्षभर मुरलं की झाडाला चालेलच असं नाही.

उरल्यासुरल्या पाण्यांचं असं आहे:

आरओ यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालणारी खूप घरं मी बघितली आहेत. पाणी वाया जाऊ नये ही भावना मला समजते, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या गावची मी आहे. पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट होऊन आलेले असतात. फरशी पुसा, संडासाला वापरा, कुंडीत नको. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी याहून वाईट, दिवसभर त्यातलं फक्त पाणी उडालेलं असतं आणि क्षार मागे राहिलेले असतात. अपार्टमेंटमध्ये सॉफ्टनर बसवला असेल तर तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. भांड्यांवर डाग पडत नाहीत, झाडं मात्र झुरतात. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चांगलं, त्यात क्षार जवळपास नसतातच. पावसाचं त्याहून उत्तम, पहिल्या पावसाचं गच्चीवरचं धूळपाणी सोडून दिलं की. पिंपभर साठवलं, झाकण घट्ट ठेवलं, तर पाच-सात कुंड्यांना बरेच दिवस पुरतं. यातलं काहीच नसेल तर बोअरच्या पाण्यात निम्मं आरओचं चांगलं पाणी मिसळा.

आता एकेक भांडं

*माती.* आपली काळी माती रानात सोनं आहे, कुंडीत ती वीट होते. ओली झाली की हवा कोंडते, वाळली की कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या ताटलीत उतरतं. वरून वाटतं पाणी पोचलं, गड्डा मात्र कोरडा. शिवाय ती मुळात विम्लधर्मी, म्हणजे सामू ७ च्या वर, बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. घरच्या घरी बघायचं तर चमचाभर वाळलेल्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे येऊन फसफसली तर चुनखडी आहे. अशी माती घरातल्या झाडांना वापरूच नका. चुनखडी नसेल तर एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू. मातीत पिवळेपणा दिसला की माझा संशयाचा क्रम ठरलेला आहे: आधी जास्त पाणी, मग चुनखडी, आणि सगळ्यात शेवटी नत्र.

साखर कारखान्याजवळच्या गावांत माती हलकी करायला ताजं बगॅस (उसाचं चिपाड) किंवा पाचट मिसळतात. ते कच्चं असेल तर कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच खातात आणि झाडाची जुनी पानं फिकट पडतात. वर्षभर कुजवून मग वापरा.

*कोकोपीट.* वरचा थर तपकिरी-फिका दिसतो म्हणून लोक पाणी घालत राहतात आणि खाली चिखल साचतो. इथं डोळ्यावर नाही, कुंडीच्या वजनावर विश्वास ठेवा. दुसरं म्हणजे कोकोपीट हे खत नाही. त्यात झाडाला पुरेल एवढं नत्र नसतं. नुसत्या कोकोपीटमधलं झाड दोन-तीन महिने बरं दिसतं आणि मग खालून फिकट होत जातं. तिसरं, वीट भिजवताना ती धुतली होती का? नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम बरंच असू शकतं. गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळून घेतलेलं बरं.

आणि एक गंमत बघा. कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःला चिकटवून धरतं. त्यामुळे आरओचं किंवा एसीचं पाणी घालणाऱ्याच्या कोकोपीटमध्ये मॅग्नेशियमची चणचण दिसते, जुन्या पानांवर. बोअरचं पाणी घालणाऱ्याला ही अडचण सहसा येत नाही, कारण त्या पाण्यात दोन्ही असतात. त्याच्याकडे काही महिन्यांनी सामू चढतो आणि नवीन पानं लोहासाठी पिवळी पडतात. कुंडी तीच, कोकोपीट तेच, पाणी बदललं की आजार बदलतो. माझा कोकोपीटवाला वेल बोअरच्या पाण्यावर होता. १९:१९:१९ मध्ये नत्र, स्फुरद, पालाश एवढंच. त्याला हवं होतं लोह.

*नुसतं पाणी.* बाटलीतल्या मनी प्लांटचं निदान सगळ्यात सोपं. पाण्यात नत्र नसल्यात जमा असतं, तेव्हा काही महिन्यांनी तो उपाशी राहणारच. पानं लहान निघतात, जुनी फिकट पडतात. आठवड्याला पाणी बदला आणि दर दुसऱ्या बदलाला लिटरमागे पाव ग्रॅम १९:१९:१९ टाका, म्हणजे एक चिमूट. याहून जास्त नको, बाटलीत मातीसारखी उशी नसते, चूक थेट मुळाला लागते. मुळं काळी-बुळबुळीत झाली असतील तर खत नाही, कात्री. काच हिरवी झाली असेल तर बाटलीला जुनं वर्तमानपत्र गुंडाळा, शेवाळ उजेडावर जगतं.

*क्ले बॉल.* भाजलेल्या मातीच्या या गोळ्या हल्ली ऑनलाइन मिळतात, दिसायलाही छान. त्यांच्यावर पांढरा थर चढायला लागला की महिन्यातून एकदा भांडं गोड्या पाण्याने भरून ओतून द्यायचं. बाकी नियम बाटलीचेच.

*लाल गोळा.* याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम. नर्सरीतली बरीच झाडं बाहेरून येतात, कित्येक तर आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियमहून. मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. आपण तो तसाच कोकोपीटच्या कुंडीत बसवतो. मग बाहेरचं कोकोपीट ओलं आणि गोळा आत ठणठणीत कोरडा, किंवा उलट, गोळा चिंब आणि कुजलेला. वरचं बोट काहीच सांगत नाही. आणून महिना-दोन महिने झालेलं झाड पिवळं पडत असेल तर आधी गोळ्यात काडी खुपसून बघा. गोळा पाण्यात अर्धा तास भिजवून बाहेरची निम्मी माती हलक्या हाताने सोडवा आणि मग लावा. मुळं तुटली तर झाड आठवडाभर मान टाकतं. सावलीत ठेवा, खत देऊ नका.

औषध, अगदी थोडं

एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम टाकल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात.

नत्र कमी असेल तर कुंडीसाठी लिटरमागे एक ग्रॅम १९:१९:१९, पंधरा दिवसांनी एकदा, तेही ओलसर मातीत. कोरड्या कुंडीत खताचं पाणी ओतलं की मुळं भाजतात. मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला दोन ग्रॅम. यालाच एप्सम सॉल्ट म्हणतात. "सॉल्ट" ऐकून माझ्या एका मैत्रिणीने पीस लिलीला सैंधव मीठ घातलं होतं. पीस लिली गेली.

लोहाच्या बाबतीत कृषी सेवा केंद्रात नीट मागा. चिलेटेड लोह म्हणजे दुसऱ्या पदार्थाने धरून ठेवलेलं लोह, आणि तो पदार्थ कुठला यावर सगळं ठरतं. "चिलेटेड लोह द्या" म्हटलं की बहुतेक वेळा ईडीटीए मिळतं. ते साधारण साडेसहा सामूपर्यंत टिकतं, आपल्या जड पाण्यात ते सुटून जातं. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत चालतं. आपल्याला हवं ते ईडीडीएचए, जे विम्लधर्मी मातीतही टिकतं. महाग असतं आणि पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो. लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम पुरतं, मुळाशी घालायचं. पाकीट मोठं येतं, चार घरांत वाटून घ्या. ते नाहीच मिळालं तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला दोन ग्रॅम, त्यात एक ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड), ताजं कालवून संध्याकाळी पानांवर फवारा. आधी एकाच पानावर करून दोन दिवस थांबा. हिराकसाचे खडे फिकट हिरवे हवेत. पिवळे-तपकिरी झालेले असतील तर ते उतरलेले असतात, उपयोग नाही. आणि फरशीवर कागद अंथरा, त्याचे गंजासारखे डाग निघत नाहीत.

क्षार साचले असतील तर कुठलंही औषध नको. कुंडीच्या आकारमानाच्या दुपटी-तिपटीइतकं पावसाचं किंवा आरओचं चांगलं पाणी हळूहळू ओतून खालून निथळू द्या, आणि ताटलीतलं पाणी फेकून द्या. पाच लिटरच्या कुंडीला दहा ते पंधरा लिटर लागतं. एप्रिलमध्ये हे परवडत नाही, त्यामुळे मी हे काम जुलैत, कुंड्या गच्चीवर पावसात ठेवून उरकते. एका चांगल्या पावसात कुंडी धुऊन निघते, फक्त झड लागली की आत घ्यायची.

किती दिवस वाट बघायची?

नत्राअभावी पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान बहुधा परत हिरवं होत नाही, त्याच्याकडे बघत बसू नका. यानंतर निघणारं पान बघा. लोहाचा फवारा लागू पडला तर आठ-दहा दिवसांत नव्या पानावर हिरवेपणा पसरताना दिसतो. मुळं कापलेल्या झाडाला नवं पान फुटायला महिना-दीड महिना लागतो, थंडीत त्याहून जास्त. तोपर्यंत कोपऱ्यात ठेवून विसरून जावं.

माझ्या खिडकीतलं सांगायचं तर कोकोपीटच्या वेलाला ईडीडीएचए दोनदा दिलं आणि पाणी बदललं, त्याची पुढची चार पानं गडद निघाली. मातीतल्याची सगळी मुळं गेली होती. वरचं एक हिरवं कांड तेवढं शाबूत होतं, ते कापून सरबताच्या बाटलीत खोचलं. आता बाटलीत दोन वेल आहेत आणि काळ्या मातीच्या कुंडीत मी कोरफड लावली आहे. तिला पंधरा दिवस पाणी मिळालं नाही तरी ती तक्रार करत नाही.